पट्टीचं टोक

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जायची तिकिटं देणारी जयमाला दहा वर्षांपूर्वीपर्यंत चारचौघींसारखीच होती. रांगेत गाडी आडवी घालणाऱ्या पर्यटकांना दम द्यायची, बोट सुटली की खिडकीत बसून पेंगायची, आणि घरी जाताना वाटेवर मांदेली घ्यायची. मग एक दिवस कुणीतरी तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक पुठ्ठ्याचा खोका विसरून गेलं, आणि बाईचं डोकं फिरलं. हे तिच्या नवऱ्याचं, रतनचं म्हणणं. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस सहसा खोटं बोलत नाही.

विसरलेल्या वस्तूचा नियम असा, की सहा महिने कपाटात ठेवायची. मालक आला तर द्यायची. नाही आला तर काय, ते नियमात लिहिलेलं नव्हतं. सहा महिने जयमालाने तो खोका हलवून हलवून ऐकला. आत काहीतरी खुळखुळायचं. सातव्या महिन्याच्या एक तारखेला पहिली बोट सुटताच तिने चिकटपट्टी फाडली. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले हात, पाय, धडं, मुंडकी, टोप्या आणि बंदुका होत्या. माणसांचे इतके सुटे भाग तिने जन्मात पाहिले नव्हते.

हे जोडलं तर काय होईल, असं तिला वाटलं. ज्याला हा प्रश्न एकदा चावला, त्याचं पुढे काही खरं नसतं.

झाले चार जर्मन. अंगठ्याएवढे, खऱ्या माणसाच्या पस्तीसपट लहान. पहिल्याचा डावा हात तिने उजवीकडे चिकटवला, तो अजून तसाच आहे. पण त्या चौघांना रंग लावायला ती बसली आणि उठली तेव्हा चुलीवरचा भात करपून कोळसा झाला होता. मग पार्सलं यायला लागली. इंग्रज आले, रशियन आले, एक रणगाडा आला. घरातल्या भांड्यांच्या काचेच्या कपाटातून स्टीलचे पेले हलले आणि तिथे पलटण उभी राहिली.

"कुनाच्या बायकोला साड्यांचा नाद असतो, कुनाच्या बायकोला सोन्याचा," रतन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "माज्या बायकोला जर्मनांचा हाय. दिघीत मानसं न्हाईत तेवढे आमच्या कपाटात हायत."

हसायला हरकत नाही, पण या कामाला लागणारी चिकाटी हसणाऱ्याने एक तास तरी धरून बघावी. टोपीवरचा बिल्ला मोहरीच्या निम्म्याने असतो. तो रंगवताना श्वास रोखावा लागतो. चिमट्यातून निसटलेला तुकडा कुठे जातो, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. जयमाला तासन् तास जमिनीवर पालथी पडून बॅटरीने शोधायची. एकदा रतनच्या आमटीत बिगूल निघालं. त्याने ते धुऊन, पुसून तिच्या टेबलावर ठेवलं आणि तीन दिवस तिच्याशी बोलला नाही.

तिची सगळी हत्यारं मात्र इथलीच. रंग कालवायला खाऊन उरलेल्या तिसऱ्यांचे शिंपले, कारण त्यांच्या खोलगट पोटात रंग लवकर सुकत नाही. वाळवंट करायला काशीदची पांढरी वाळू, चहाच्या गाळणीने गाळलेली. मुरूडची काळपट वाळू चिखलाला. कुठलाही नवीन प्रश्न आला की तिचे डोळे चकाकायचे. बुटाला चिखल लागतो तो टाचेला जास्त की चवड्याला? हे बघायला तिने पावसाळ्यात बोटीतून उतरणाऱ्या माणसांचे पाय आठवडाभर न्याहाळले. एका बाईने तक्रार केली, तेव्हा तिला ते थांबवावं लागलं.

सगळ्यात मोठा त्रास हवेचा. रंगकाम झालं की वरून वार्निशचा फवारा मारायचा, म्हणजे रंग टिकतो. एका श्रावणात तिने फवारा मारला आणि सकाळी बघते तर अख्खी पलटण पांढरीफटक. दोन महिन्यांचं काम बुरशी आल्यासारखं दिसत होतं. ती रडली. खोटं कशाला सांगा, हुंदके देऊन रडली. जेट्टीवर होड्या रंगवणाऱ्या अंबाजी कोळ्याने तिचं तोंड बघून विचारलं, काय झालं. तिने एक शिपाई पर्समधून काढून दाखवला. अंबाजीने तो हातावर घेतला, वास घेतला.

"कवा मारलास?"

"काल संध्याकाळी."

"खाऱ्या वाऱ्यात!" त्याने कपाळावर हात मारला. "अगं बाय, दुपारनंतर वारा दर्यावरना येतो. पानी घेऊन येतो. त्यात होडी रंगवली तर होडीपन पांढरी पडते. पाटे वारा जमिनीवरना येतो, सुका असतो. तवा लावाचा. माज्या बापाशीनं शिकवलान मला."

तेव्हापासून जयमाला पहाटे उठून, ओटीवर ओला रुमाल टांगून, तो कुठल्या बाजूला उडतो ते बघून मगच फवारा मारते. परदेशातल्या ज्या मंडळींशी ती मोबाइलवर या नादाबद्दल बोलते, त्यांना तिने ही युक्ती कळवली. त्यांनी विचारलं, यासाठी यंत्र कोणतं वापरता? तिने रुमालाचा फोटो पाठवला.

त्या मंडळींचंही एक नवलच. खाकी म्हणजे नेमका कोणता रंग, यावरून ते महिनोन् महिने भांडतात. आणि आणखी एक गोष्ट. रंगांच्या संचात 'त्वचा' असं लिहिलेली एक बाटली असते. जयमालाने ती पहिल्यांदा उघडली तेव्हा आत गुलाबी रंग होता. तिने एक थेंब आपल्या मनगटावर ठेवून बघितला आणि खो खो हसली. जर्मनांना आणि इंग्रजांना तो चालून जायचा. दुसरा कुठला रंग लागेल अशी वेळच आली नव्हती.

वेळ आली ती आजोबांमुळे.

जयमालाचे आजोबा तुकाराम महार पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात भरती झाले, इराकला गेले आणि तिथल्या इस्पितळात तापाने वारले. तेव्हा जयमालाचे वडील तान्हे होते आणि वडिलांची मोठी बहीण पुतळाबाई सहा वर्षांची. ही पुतळाआत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे, गावातल्या बौद्धवाडीत एकटी राहते आणि स्वतःची भाकरी स्वतः थापते. तिच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी एक तिसरी तसबीर होती. आजोबांचा गणवेशातला फोटो, जगात एवढाच एक. पाठीमागे रंगवलेला पडदा, बाजूला तिवईवर फुलदाणी, आणि मध्ये ताठ उभा तरुण माणूस. अर्धी चड्डी, पिंढऱ्यांना घट्ट गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या, छातीवर सोनेरी बटणं. फोटो रंगीत होता.

दोन हजार वीसच्या मे महिन्यात, लॉकडाऊनमुळे बोटी बंद होत्या तेव्हा, जयमालाच्या मनात आलं की इतके परके शिपाई रंगवले, आता आपला एक करावा. ती आत्याकडून फोटो मागून घेऊन आली. आत्या आधी नाहीच म्हणत होती. "चार दिसांत परत आन," एवढं बोलून तिने तो स्वतः खिळ्यावरून काढून दिला. जयमालाने घरी आल्या आल्या मोबाइलवर एक फोटो काढला. काचेवर खिडकीचा उजेड पडला होता. ती म्हणाली, उद्या चौकट उघडून नीट काढू. उद्या, परवा, तेरवा असं चाललं होतं. तीन जूनला निसर्ग वादळ आलं.

जयमालाच्या घराचे पत्रे उडाले. खिडकीजवळचं टेबल, त्यावरचे रंग, शिंपले, फोटो, सगळं गेलं. चार दिवस ती पडलेल्या पोफळींखाली, चिखलात, विहिरीच्या कडेला शोधत होती. एक जर्मन सापडला. फोटो सापडला नाही. आणि आत्याच्या त्या भिंतीला ओरखडासुद्धा आला नव्हता. फोटो तिथेच असता तर आजही असता.

आत्या काठी टेकत बघायला आली. "तुमी सगली धड हाव ना?" असं विचारून, पत्रे गोळा करणाऱ्या रतनला पाणी देऊन ती परत गेली. फोटोचं नाव काढलं नाही. नंतरही कधी काढलं नाही. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर जयमालाला बरं वाटलं असतं. पण ती भाकरी वाढायची, तब्येत विचारायची, आणि भिंतीवरचा तो खिळा रिकामा राहायचा. आत्याने त्याला कॅलेंडरसुद्धा अडकवलं नाही. जयमाला त्या घरात गेली की भिंतीकडे पाठ करून बसायची.

मोबाइलमधल्या फोटोत आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी खिडकी होती. खिडकीत जयमालाचा स्वतःचा हात आणि मोबाइल. बाकी सगळं स्पष्ट होतं: गणवेश, पट्ट्या, गुडघे, हात. मग तिने ठरवलं. चेहरा आपल्याला आठवतो, बाकीचं फोटोत आहे. आजोबांना परत त्या भिंतीवर नेऊन उभं करायचं. हे साधलं तर आपण आत्याच्या डोळ्यांत बघू शकू. नाही साधलं तर हा नाद कायमचा बंद, कपाटात पुन्हा पेले. रतनला तिने तसं सांगितलं, आणि रतन त्यावर एकही विनोद करू शकला नाही.

या एका शिपायावर किती शिपाई वाया गेले, ते विचारू नये. मनासारखा होईना म्हणून तिने तो सात वेळा मोडला. फोटोतल्या गणवेशाचा रंग जरा हिरवट होता. जाणकार मंडळींना तिने तो पाठवला तर त्यांच्यात रण माजलं. एक म्हणाला, असा हिरवट खाकी त्या पलटणीला मिळालाच नव्हता. दुसरा म्हणाला, मिळाला होता, हा पुरावाच आहे. जयमालाने फोटोवर विश्वास ठेवला. फोटोतल्या हातांचा, गुडघ्यांचा रंगही तिने तंतोतंत उतरवला. चार वर्षांनी, एका बुद्धपौर्णिमेला, सुती कापडात गुंडाळलेला शिपाई घेऊन ती आत्याकडे गेली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आत्याला मुंगीचा पाय दिसतो. तिने शिपाई उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो कोन?"

"आजा गं, आत्या. तुझे बाबा."

"ह्यो गोरा?" आत्याने डोळे बारीक केले. "माजा बाप तव्यावानी काला व्हता."

"पण फोटोत तर..."

"फोटू त्या फोटोवाल्यानं रंगवलावता! साधा काला-पांढरा काढायचा नि वरना रंग फासायचा, तशी रीत व्हती तवा. टपालानं आला तवा आई बोल्ली, माज्या घोवाला पावडर लावलीन मेल्यानं. बटनं बी पितलेची केलीन. त्या कापडाचा रंग बी त्याच्याच मनचा."

जयमालाला आधी हसूच आलं. ऐंशी वर्षांपूर्वी कुठल्याशा छावणीतल्या स्टुडिओत कुणीतरी तिच्यासारखंच बारीक कुंचला घेऊन बसलं होतं, आणि त्याच्या हातात जो रंग होता तो त्याने फासला होता. त्यावरून चार देशांतले जाणकार भांडत होते. मग तिच्या लक्षात आलं. चार वर्षांचं काम चुकीचं होतं, आणि फोटो तर गेलाच होता.

"आत्या," ती म्हणाली, "फोटो माझ्यामुळे गेला. तू चार दिवसांत आण म्हणालीस, मी आणला नाही."

हे एवढं वाक्य बोलायला तिला चार वर्षं लागली होती. आत्या शिपायाकडेच बघत म्हणाली,

"गेला. मला बी लई वाईट वाटलं. तुजा राग बी आला व्हता, न्हाय कशाला म्हनू. पन जयमाले, त्या फोटूत त्यो फोटोवाल्याकडं बगत व्हता. माज्याकडं न्हाय."

आता जयमालाच्या जागी दुसरी कुणी असती तर पदराने डोळे पुसून उठली असती. पण हिला मूळचीच खोड. चार वर्षं शरमेने तोंड बंद ठेवलं म्हणून जो प्रश्न विचारायचा राहिला होता, तो तिने आता विचारला.

"मग तुझ्याकडे बघायचे तेव्हा कसे होते?"

आत्याने शिपाई मांडीवर ठेवला. मग ओटीच्या पायरीकडे बोट केलं.

"तितं बसलावता. रजा सपली त्या सकाली. पायाला पट्ट्या बांदत व्हता. तुजा बाप पालन्यात. मला बोल्ला, पुतले, ह्ये टोक धर, नि त्या कुडाच्या भिंतीजवल जाऊन हुबी ऱ्हा. मी गेले. पट्टी लांबलचक. त्यो घोट्यापासना गुंडालत वर यायचा. मी टोक ताणून धरायचं, ढिलं सोडायचं न्हाय. एक येढा झाला का मी एक पाऊल म्होरं. अजून येक येढा, अजून येक पाऊल. पट्टी सपली तवा मी त्याच्या गुडघ्याशी. मग दुसरा पाय. पुन्ना कुडाजवल. मला वाटलं, त्याला तीन पाय असते तर बरं झालं असतं."

जयमालाने शिपाई परत कापडात गुंडाळला.

"तुझा हात दे," ती म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस ती संध्याकाळी बोटींचं काम आटोपून आत्याच्या ओटीवर बसायला लागली. शिंपल्यात तपकिरी रंग, त्यात लाल, कणभर पिवळा. काळा नाही, काळ्याने कातडी मेल्यासारखी दिसते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. कालवलेल्या रंगाचा ठिपका ती आत्याच्या दंडावर लावायची, सुकू द्यायची, बघायची. ठिपका उठून दिसायचा. पुसून पुन्हा. आत्याला गुदगुल्या व्हायच्या. सहाव्या दिवशी जयमालाने ठिपका लावला, सुकल्यावर बघते तर तो कुठे लावला तेच सापडेना. दोघींनी चष्मे लावून दंड शोधला.

"ह्याच्यापरीस वाईच जास्त काला," आत्या म्हणाली. "त्यो उनात असायचा."

बसलेला शिपाई कुठून आणायचा? जीप चालवणारा एक इंग्रज होता, त्याला तिने गाडीतून उतरवलं. हात कापून नवे केले, मान खाली वाकवली. चेहऱ्यावर गळती बुजवायची एम-सील लावून नाक रुंद केलं, गालाची हाडं वर आणली. टोपी डोक्यावर नको म्हणून ती पायरीवर बाजूला ठेवली, म्हणजे चेहरा झाकला जाणार नाही. पायरीसाठी आत्याच्या ओटीचाच पडलेला चिरा कानशीने घासून घेतला. पट्टी कशाची करावी, यावर ती दोन दिवस अडली. कापड जाड होतं, कागद फाटायचा. शेवटी आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी तिने सोलून काढली. ती वळते आणि वळवली तशी राहते. पट्टीची खरी लांबी नऊ फूट असायची, असं जाणकारांनी एकमताने सांगितलं. हे त्यांचं पहिलंच एकमत. पस्तीसपट लहान केली की पावणेआठ सेंटिमीटर. तिने मोजून कापली.

डाव्या पायाची पट्टी पूर्ण गुंडाळलेली. उजव्या पायाला घोट्याभोवती दोनच वेढे, आणि तिथून उरलेली पट्टी हवेत ताणलेली, पायरीच्या बाहेर, ठोकळ्याच्याही बाहेर. पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतं. सहा वर्षांची मुलगी करायची का, असं रतनने विचारलं. जयमाला नको म्हणाली. एका पहाटे रुमाल दर्याकडे उडत असताना तिने वार्निश मारलं. पांढरं झालं नाही.

आत्याच्या भिंतीत त्या खिळ्याखाली रतनने सुरूच्या लाकडाची एक लहान फळी ठोकून दिली होती. जयमाला सकाळी ड्युटीवर जाता जाता आली आणि तिने शिपाई फळीवर ठेवला. मग ती आत्याच्या बाजूला उभी राहिली. या वेळी तिचं तोंड भिंतीकडे होतं.

आत्या फळीच्या अगदी जवळ गेली. तिचा श्वास जयमालाला ऐकू येत होता.

"लांब ठेवलीस पट्टी," ती म्हणाली.

"पुरी लांबी आहे, आत्या. मोजून."

आत्याने हात पुढे केला. तिची बोटं थरथरतात, सुईत दोरा ओवत नाहीत. जयमालाला वाटलं, आता मोडणार. पण तिने पट्टीचं टोक अंगठा आणि तर्जनी यांत धरलं आणि बोटं थरथरायची थांबली. शिपाई मान वाकवून त्या टोकाच्या दिशेने बघत होता. आता तो तिच्याकडे बघत होता.

जेट्टीवरून बोटीचा भोंगा वाजला. पहिली फेरी लागली होती, आणि तिकीटखिडकी अजून बंद होती.

"आत्या, मला निघायला हवं. ठेव आता ते, हात दुखेल."

"तू जा," आत्या मान न वळवता म्हणाली. "मी धरलीया."